दाराची फट

सेलूत मला लोक नामी शिंपी म्हणायचे. खोटं होतं ते. मला काजं करता यायची, बटणं लावता यायची, सरळ टीप मारता यायची. कापड बेतायची ती माझी बायको, चतुराबाई.

आमच्या ओट्यामागच्या दाराला फट होती. गिऱ्हाईक ओट्यावर उभं राहायचं, मी टेप लावून मोठमोठ्यानं आकडे बोलायचो आणि चतुरा आतून फटीला डोळा लावून माणूस बघायची. माझा एक आकडा तिनं कधी धरला नाही. बाईनं परक्या बाप्याच्या छातीला टेप लावला असता तर गावानं आम्हाला जगू दिलं नसतं. तिला टेप लागतच नव्हता, ही गोष्ट गावाला कुठं माहीत होती?

निजामाच्या राज्यात शेरवानीशिवाय कचेरीत माणसाला किंमत नव्हती. दिनकरराव वकिलांची शेरवानी तिनं अशीच फटीतून बघून बेतली. त्यांचा डावा खांदा बोटभर खाली होता. हैदराबादच्या शिंप्यांनाही ते झाकता आलं नव्हतं. ही शेरवानी घातली आणि वकीलसाहेब आरशापुढून हलेनात.

"मुंजाजी, हातात जादू आहे तुझ्या!"

मी लाजल्यासारखं केलं. हरामखोर होतो.

पुढं त्यांचे स्नेही कल्याणराव हैदराबादहून आले. वकिलांचा निरोप आला, पाहुण्यांना शेरवानी शिवायचीय, घरी ये आणि आमच्यासमोर बेत.

"अवो, या खेपेला माझं नाव सांगा," चतुरा म्हणाली. "मला बी न्या. दाराआडून बघते, आतच बसून बेतते."

"लोक काय म्हणतील?"

"पंधरा सालं झाली, लोक मुंजाजी मुंजाजीच म्हणायलेत. एकदा चतुरा म्हणू द्या की!"

मी एकटाच गेलो. माप घेतलं, ऐटीत कात्री चालवली. कल्याणरावांचं पोट पुढं, पाठ वाकलेली. टेपला इंच कळतात, वाक कळत नाही. घरी आणलेलं कापड चतुरानं उचलून बघितलं.

"पाठ कमी पडली. हे बसायचं न्हाई."

"तू गप," म्हणालो, आणि सगळं माझ्या हातानं शिवलं.

शेरवानी द्यायच्या दिवशी चतुरा वकिलीणबाईंची चोळी घेऊन माझ्यासोबत आली आणि आतल्या दारात थांबली. दिवाणखान्यात कल्याणरावांनी बटणं लावली. पाठ वर चढली, गळा आवळला, चेहरा लाल झाला.

"दिनकरराव, ही शेरवानी आहे का फाशी?"

सगळे हसले. वकील हसले नाहीत, ते माझ्याकडं बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, बायकोनं बेतलं. बाईमाणूस, बिघडवलं."

"बोलाव तिला."

चतुरा उंबऱ्यापर्यंत आली. गिऱ्हाईक बघावं तसं तिनं मला एकदाच वरपासून खालपर्यंत बघितलं.

"व्हय. म्याच बेतली."

वकिलांचा हात आपल्या डाव्या खांद्यावर गेला. "मग माझी कुणी बेतली?"

बोलायची पाळी माझी होती. एक नाव घ्यायचं होतं, तेवढंच.

"मी, साहेब," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर चतुरा मशीन ओढत ओट्यावर नेत होती.

"अगं, हे काय करायलीस?"

"बिघडवणारी म्हणून का हुईना, नाव झालं की माझं. आता लपायचं कशाला? तुमी आत बसा. काजं करा."

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, बाप्ये पलीकडच्या कडेनं जायचे. ती रिकाम्या मशीनवर ताठ बसून राहायची. मी आत काजं करत बसलेला. कुठली काजं? जुन्याच सदऱ्याची, उसवून पुन्हा.

मग एका दुपारी दिनकरराव आले. बगलेत नवं कापड. ओट्यावर उभे राहिले, डावा खांदा वर ओढून धरला.

"साहेब," चतुरा म्हणाली, "रोज उभं राहता तसं राहा."

खांदा खाली आला. तिनं टेपला हातसुद्धा लावला नाही. एकदा बघितलं, कापड पसरलं आणि खडू ओढला. डावीकडं, बोटभर खाली.

वकिलांनी ती रेघ बघितली. बराच वेळ बघितली. मग मान वर करून दाराकडं बघितलं.

मी फटीवरचा डोळा काढला.