वाल्डसेनचे स्वार

माझ्या नवऱ्याने रिटायर झाल्यावर सवत आणली, ती चारशे वर्षांची निघाली. वाल्डसेन रेजिमेंट. जर्मन मुलखातल्या तीस वर्षांच्या युद्धात सम्राटाच्या बाजूने लढलेलं जड घोडदळ, गुडघ्यापर्यंत काळं चिलखत चढवून घोड्यावर बसणारं. लंडनच्या हॅरोत राहणाऱ्या साताऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरला त्यांचं काय पडलं होतं, देव जाणे. "जन्मभर लोकांची हाडं बसवलीत, आता लष्कराच्या भाकऱ्या भाजा," असं मी म्हणायची. ज्ञानेश्वर हसायचे आणि जर्मन शब्दकोश उघडायचे.

त्यांचं म्हणणं मात्र साधं होतं. इतिहासकार लिहून गेले होते की ही रेजिमेंट कधी नव्हतीच. कर्नल वाल्डसेनने नसलेल्या स्वारांचे पगार लाटले, एवढंच. यांना ते सहन होत नसे. "सुनेत्रा, माणसं मेली तिथे, आणि हे म्हणतात ती जन्मलीच नव्हती." यावर ते वर्षानुवर्षं पुस्तक लिहीत होते. पुरावा एकच होता, लिंकनशरमधल्या एका लिलावात मिळालेलं छातीचं चिलखत. बाहेरून काळंकुट्ट, आणि आतल्या बाजूला तांबड्या रंगात दोन नावं: वर वाल्डसेन, खाली मातेस. मातेस म्हणजे ते घालणारा स्वार.

गेल्या वर्षी मेमरी क्लिनिकने निदान सांगितलं. परत येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "डोकं जायच्या आत हे पोचवायला हवं." मग मीच टायपिंगला बसले. ज्या सवतीला नावं ठेवली तिचंच बाळंतपण माझ्याकडे आलं. शेवटी एक म्युझियम राजी झालं. रंगाचा कण तपासायचा, जुना निघाला तर चिलखत तिथे ठेवायचं आणि पुस्तकही छापायचं. हेझल नावाच्या त्यांच्या तज्ज्ञ दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार होत्या. फोटो आमच्याकडे ढीगभर होते, पण रंग चारशे वर्षांपूर्वीचा की परवाचा, हे फोटो सांगत नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. सर्जनची शस्त्रं ती काय, दोन स्काल्पेल आणि हाडं कापायची करवत. ती पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. चिलखत आल्यापासून तेही पाटाशेजारी असायचं, पण त्याला बोट लावायची मलासुद्धा मुभा नव्हती. "फूल समोर ठेव. हाताचा घाम लागला तरी गंजतं," असं दरवर्षी बजावायचे. यंदा त्या सकाळी मी झेंडू आणायला वेंबलीला गेले.

परत आले तर घरभर चिंचेचा वास. ज्ञानेश्वर सिंकपाशी उभे, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, हातात तारेची घासणी. ओट्यावर चिलखत परातीसारखं लखलखत होतं. मी ते उलटं करून पाहिलं. आतूनही तेवढंच स्वच्छ.

"झालं बघ," ते म्हणाले. "बाबा यायच्या आत तलवारपण घासून टाकतो."

साताऱ्याला खंडेनवमीची शस्त्रं चिंचेने घासायचं काम घरातल्या धाकट्याचं, म्हणजे यांचं. सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली.

मी ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. ते नुसते बघत राहिले, आपण काय केलं हे न कळलेल्या मुलासारखे. मग मी त्यांचे हात पुसले आणि त्यांच्यासमोरच रडले. त्या मातेससाठी रडले की आमच्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

हेझलना फोन केला. "आय ॲम सो सॉरी, डिअर," म्हणाल्या, आणि आता येण्यात अर्थ नाही, हेही तितक्याच मऊ आवाजात म्हणाल्या.

मंगळवारी यांचं डोकं स्वच्छ होतं. असे दिवस येतात. "काल हेझल येणार होत्या ना?" असं विचारून ते उठले आणि मी अडवायच्या आत पुढच्या खोलीत गेले. आले ते दोन्ही हातांत चिलखत घेऊन.

"आतला रंग कुठे गेला? कुणी केलं हे?"

ज्या हातांनी जपलं त्याच हातांनी पुसलं, आणि त्याची आठवणसुद्धा राहिली नाही, हे त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"मी," मी म्हणाले. "मळकट दिसत होतं. पूजेसाठी घासलं."

"तुला माहीत होतं." त्यांनी आवाज चढवला नाही. "तुला सगळं माहीत होतं, सुनेत्रा."

"हो."

मला वाटलं, हेही विसरतील. नातवंडांची नावं विसरले, आमचा पोस्टकोड विसरले. पण डोकं ठिकाणावर आलं की हे बरोबर आठवतं. वाईट दिवशी ते माझ्याशी गोड बोलतात, मला सिस्टर म्हणतात, माझ्या हातचा वरणभात मागून खातात. चांगल्या दिवशी माझ्याकडे बघत नाहीत. क्लिनिकची नर्स विचारते, चांगले दिवस अजून येतात का. कमी झालेत, मी सांगते, आणि ती माझा हात दाबते. ते कमी झाल्याचं मला बरं वाटतं, हे तिला कसं सांगू? स्वतःची शिसारी येते.

आज सकाळी खाली आले तर चहा झालेला होता, आल्याचा, नीट गाळलेला. त्यांनी आपल्यापुरता एकच कप केला होता. मी परत वर गेले आणि दिवस मावळायची वाट बघत पडून राहिले.