अक्कानं रॅम्प नापास केला

अनुसूया माझी धाकटी बहीण, पण सगळं येलहंका उपनगर तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. व्हीलचेअरवर बसून तिनं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग तपासले. केसभर फरक दिसला की त्या भागावर लाल खडूची फुली.

निवृत्तीनंतर तिला स्वतःच्या कमाईचं घर नावावर करायचं होतं. सरकारी कचेरीचं दार तीन फूट उंचावर. पायऱ्यांशेजारी नवाकोरा रॅम्प होता, पण इतका उभा की एक सरडा अर्ध्यातून माघारी फिरला. मी डोळ्यांनी पाहिलंय.

साहेब धावत आले. “अक्का, चौघं उचलून नेतील तुम्हाला. स्वल्प ॲडजस्ट करा.”

“मी काय तांदळाचं पोतं आहे? एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा नियम सरकारचाच. इथं छत्तीस फूट हवेत. हा सहासुद्धा नाही!”

तिनं रॅम्पवर भलीमोठी लाल फुली मारली आणि कागद तसेच घेऊन परतली. मग दर सोमवारी जाऊन ती फुली गिरवायची. शेवटी फुली इतकी लाल झाली की जवळच्या तळावरची हवाई दलाची विमानं तिला वळसा घालू लागली.

चार महिन्यांनी छत्तीस फुटी रॅम्प झाला. अक्कानं टेप लावून मोजला. मी खुर्ची ढकलायला हात पुढे केला.

“अण्णा, हात काढ.”

ती एकटी वर गेली, रांगेत सातवी लागली आणि सगळ्यांसारखी तासभर ताटकळली. इतक्या रुबाबात ताटकळलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.