दह्यावर फायनलपर्यंत

२०१४च्या सीझनमध्ये आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ एकही मॅच जिंकला नाही. तरी आम्ही बाद फेरीत पोचलो, कारण लीगमधल्या सगळ्याच संघांना तिथे प्रवेश होता. मग सीझन कशासाठी झाला, हे कोणी सांगेना. मी तर एकटा राखीव, कायम बाकावर. एकदा तरी कोर्टवर उतरायचं, एवढंच माझं मागणं होतं.

क्वार्टर फायनलला निघताना यिशुन भागात राहणाऱ्या माझ्या शैलामावशीने माझ्या हातावर दहीसाखर ठेवली. "पोरांनाही दे रे," म्हणून डबाही दिला. कोच टॅननी सगळ्यांना चमचा चमचा चाटवलं आणि आम्ही जिंकलो. सेमीफायनललाही तेच.

फायनलला आमच्या सर्वांत उंच खेळाडूने, जुनकाईने, तीन चमचे घेतले. दूधदही त्याला पचत नाही, हे तेव्हा कळलं. "टीमसाठी लाह!" असं, इथल्या बोलीतला जोर देणारा 'लाह' लावून, ओरडत तो शेवटच्या मिनिटाला पोट धरून टॉयलेटकडे पळाला.

मी उठलो.

"तू कुठे?" कोच म्हणाले. "तुला लागलं तर दही कोण आणणार?"

रेफरी म्हणाला, "पाच जण लागतात."

कोचनी कपाळाला हात लावला. "जा. बास्केटजवळ उभा राहा. बॉल आला तर खाली वाक."

बॉल आला. मी वाकलो. तो डोक्यावरून मागे आमच्या कॅप्टनकडे गेला आणि त्याने बास्केट केली. आम्ही एका पॉइंटने जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, कोच रडत म्हणाले, "काय डावपेच होता!"

खांद्यावरही मी वाकूनच होतो. सरळ हो, असं कोणी सांगितलंच नव्हतं.