तोवारपिन मामाचं वेटोळं

मातुपित गावात तोवारपिन मामाचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. कारण त्याच्या आढ्याला ताबूचं वेटोळं टांगलेलं होतं. ताबू म्हणजे तिथला पैसा: नखाएवढे समुद्री शंख, पाठ फोडून वेतात ओवलेले. म्हणे तीनशे वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून तीनशे वेळा मापावं इतकं! ट्रकच्या चाकाएवढं ते धूड पानांत घट्ट बांधलेलं होतं. माणूस गेला की वेटोळं कापायचं आणि रडायला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवायचा, ही रीत. ज्याच्या मयताला वाटप नाही त्याला वर कुणी विचारत नाही, आणि खाली तर मुळीच नाही.

म्हणून तर शेजारी मामाला मासे आणून देत, आणि भाची इया तिनाई अकरा वर्षं त्याला नारळाच्या दुधात शिजवलेला तारोचा कंद भरवत होती. वाटप तिच्याच हातून व्हायचं होतं.

एके दिवशी मामाने अंथरूण धरलं. डोळे फिरले, गाव जमलं. मरणाऱ्याला त्याची दौलत डोळे भरून दाखवावी म्हणून इया तिनाईने वेटोळं खाली उतरवलं आणि पानं सोडायला सुरी घेतली.

"हात लावशील तर खबरदार!" मामा ताडकन उठून बसला.

"पाहिलात ताबूचा गुण?" म्हणत गाव खुशीत घरी गेलं.

इया तिनाईला मात्र चैन पडेना. मामा परसात गेल्याबरोबर तिने एक पान उचकटलं. शंखांचा एकच थर, आणि खाली चक्क ट्रकचा टायर! तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"मामा, उद्या गेलास तर लोकांच्या हातावर काय ठेवू? रबर?"

"हळू बोल गं बये! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुझी, उघडायची मला. तोंड काळं माझं होणार."

"मग करू तरी काय?"

"मरू नकोस. अकरा वर्षं गिळलंस ना? आता ओव."

दुसऱ्या दिवशी तिने शेजाऱ्यांना सांगितलं, "मासे पुरे. मामाच्या वेटोळ्यात शंखांची भर घाला, वाटपात आठवण ठेवीन." लोकांनी टोपल्या भरभरून आणल्या. आपल्याच शंखांचे तुकडे मिळवायला ते उद्या मोठ्याने रडणार होते.

आता मामा दिवसभर दारात बसून ओवतो. "म्हाताऱ्याची उमेद बघा!" असं येणारेजाणारे म्हणतात. मध्येच छातीत कळ आली की हात आपोआप तिकडे जातो, पण इया तिनाईने पाहण्याआधी तो झटकन खाली घेतो.

"किती राहिले गं?"

"दोनशे साठ वाव. ओव मुकाट्याने."