एका तोबऱ्याचे

नरसीच्या रस्त्यावर, हिंगोली मागे पडून हळदीची शेतं सुरू होतात तिथे, डॉ. संपदा गोरेगावकर यांचा घोड्यांचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, आत जनावरं बांधायची तीन ठाणं आणि अंगणात जनावर अडकवून तपासायला लोखंडी नळ्यांचा एक खोडा. त्या दिवशी सकाळी संपदानं फाटक उघडलं तेव्हा उद्धव कंपाउंडरनं शेडची जमीन फिनाइलनं धुऊन काढली होती आणि चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं. कुठेतरी हळद शिजत होती. तिचा मातकट, कडवट वास थंड हवेत तरंगत होता. संपदानं औषधांच्या फ्रिजमधला पारा पाहिला, केस बांधले, हात कोपरापर्यंत धुतले आणि रोजच्यासारखी अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

हा तिचा नेम होता. जनावराला हात लावण्याआधी ते काही वेळ लांबून पाहायचं. परभणीला शिकताना लागलेली ही सवय होती. घोडा कोणत्या पायावर भार टाकतो, कान कुठे वळवतो, श्वासाबरोबर त्याची कूस किती हलते, हे सगळं तो अनोळखी हाताला बिचकण्याआधीच दिसतं.

वीटभट्टीवरच्या ग्यानबानं आपला तट्टू आणला होता. त्याच्या खुरात खिळा गेला होता.

"झालं का बघून?" ग्यानबा कंटाळून म्हणाला. "सोयरीक जमवून राहिल्यावानी बघता तुमी, डॉक्टरीणबाई."

"पसंत आहे," संपदा म्हणाली. "पण मुलगा लंगडतो."

उद्धव खो खो हसला. खिळा निघाला, पू वाहून गेला, खुराला पट्टी बसली. ग्यानबा तट्टू घेऊन बाहेर पडत होता तेवढ्यात फाटकातून पांढरी नूरी आत आली आणि तिच्यामागून दोर हातात धरून खाजा मिया आले.

नूरीला हिंगोलीत कोण ओळखत नव्हतं? आसपासच्या निम्म्या नवरदेवांनी तिच्या पाठीवर बसून मांडव गाठला होता. खाजा मियांचं घराणं रिसाल्यातलं. निजामाच्या घोडदळात पणजोबा नालबंद होते, असं ते सांगत. आणि घोडदळ गेलं तरी आपल्या गल्लीतली घोडी गेली नाहीत, हेही अभिमानानं सांगत. संपदानं दवाखाना उघडला तेव्हा बाईमाणूस घोड्याला काय हात लावणार म्हणून सगळे हसले होते. पहिली घोडी घेऊन आले ते खाजा मियाच. त्यांच्यामागून मग सारी गल्ली आली.

"सलाम, बेटी. काही खास न्हाई. नाक गळून राहिलंय जरा. ऐतवारी नरसीला किसनरावाच्या पोराची वरात हाय. तवर एक सुई मारून दे."

संपदा लिंबाखालून हलली नाही. ती नूरीकडे पाहत होती. दोन्ही नाही, फक्त डावी नाकपुडी ओली होती. ओलाव्याचा रंग पाण्याचा नव्हता, मधासारखा पिवळट होता, आणि नाकपुडीच्या कडेला तो वाळून चिकटला होता. घोडीच्या बरगड्या दिसत होत्या. मागच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, शिरेच्या रेषेत, ओवल्यासारख्या काही गाठी होत्या.

"उद्धवराव, हातमोजे द्या. मास्कसुद्धा. आणि तुम्ही मागे सरा."

"आता काहून?" उद्धव म्हणाला, पण तिचा चेहरा पाहून त्यानं मुकाट्यानं दोन्ही आणून दिलं.

जबड्याखालची गाठ तिनं बोटांनी चाचपली. लहान घोड्यांना घशाच्या गाठी येतात, तेव्हा त्या गरम असतात आणि हात लागताच जनावर मान झटकतं. ही गाठ थंड होती, दगडासारखी घट्ट. नूरीनं मान हलवलीसुद्धा नाही. संपदानं बॅटरीचा झोत डाव्या नाकपुडीत टाकला. आतल्या पडद्यावर एक जखम भरून आली होती आणि तिचा वण चांदणीसारखा फाकला होता. असा वण तिनं आजवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. ती बॅटरी धरून राहिली, पुरेशी खात्री झाल्यावरही.

"चाचा, तुमच्या गल्लीत एवढ्यात नवं जनावर आलं होतं?"

"आलतं की. दिवाळीमागं मुजाहिदनं बाजारातून एक तेलिया रंगाचा घोडा आणलता." मुजाहिद त्यांचा पुतण्या. "नसीब खराब. खोकून खोकून पौषात मेला. धूळ लागली म्हनं."

"तो नूरीजवळ बांधला होता?"

"जवळ कशाला? त्यो दुसऱ्या टोकाला." खाजा मिया हसले. "पन तोबरा नूरीचाच खाल्ला त्यानं. कायदाच हाय आमचा."

नंतर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या दृष्टीनं कौतुकाचंच होतं. गल्लीत नवं घोडं आलं की सर्वांत जुन्या घोडीचा तोबरा, म्हणजे चंदी खायला तोंडाला बांधतात ती पिशवी, आधी त्याच्या तोंडाला बांधायची. त्यानं दोन घास खाल्ले की तोच तोबरा दारोदार फिरवायचा. प्रत्येक घोड्यानं त्यातलं उष्टं खायचं. मग घोडी एकमेकांना लाथा मारत नाहीत, वरातीत बँडच्या आवाजाला एकत्र उभी राहतात. नवी सून आली तरी गल्लीतल्या बायका म्हणत, "आता ही एका तोबऱ्याची झाली."

"सगळ्यांनी खाल्लं?" संपदानं विचारलं.

"सगळ्यांनी. एक दार सोडलं न्हाई."

संपदानं हातमोजे उलटे करून काढले आणि पिशवीत टाकून पिशवीला गाठ मारली. सुई तिनं दिली नाही. नूरीला थेट घरी न्या, वाटेत कुठल्याही पाणवठ्यावर तोंड घालू देऊ नका, मी मागोमाग येते, एवढंच ती म्हणाली. खाजा मियांच्या कपाळावर आठी पडली. पण त्यांनी नूरीला वळवलं.

जीप नेहमीप्रमाणे सुरू होईना. उद्धवनं धक्का मारला तेव्हा कुठे ती खोकत निघाली.

"हा ग्लँडर्स रोग असेल तर," चालवता चालवता संपदा म्हणाली, "औषध द्यायला परवानगी नाही, सरकारला कळवावं लागतं. रक्त हिसारच्या प्रयोगशाळेत जातं. तिकडून खरं ठरलं तर जनावर मारून खोल पुरतात."

"आणि न्हाई कळवलं तर?"

"तर ते गावोगाव फिरतं. माणसालाही होतं, उद्धवराव. आणि रविवारी नवरदेवाच्या बहिणी नूरीला ओंजळीतून डाळ खाऊ घालतील."



गल्ली अरुंद होती आणि तिला एकच तोंड होतं. पलीकडे जुन्या पागेची पडकी भिंत. दोन्ही बाजूंना दारं, आणि दारादाराशी घोडी. एरवी संपदा आली की फुरफुर सुरू व्हायची, कुणी खिंकाळायचं. आज ती लांबून पाहत गेली, आणि आजवर धूळ म्हणून सोडून दिलेला खोकला तिला एका दारातून ऐकू आला, मग समोरच्या दारातून. एका अबलख शिंगरानं मान खाली घातली होती आणि त्याच्या उजव्या नाकपुडीशी माश्या घोंगावत होत्या. भिंतीच्या खुंटीला तो तोबरा लटकत होता. धुतलेला, स्वच्छ, काठाला लाल गोंडे लावलेला.

खतीजाबी चहा घेऊन बाहेर आल्या. कप पुढे करताना त्यांनी उजवं बोट आखडून धरलं होतं. बोटाला चिंधी होती.

"हे काय झालं, चाची?"

"काही न्हाई गं लेकरा. चीर पडली व्हती, ती भरंना. चंदी भिजवायची, तोबरा धुवायचा, हात सुका कुटं ऱ्हातो?"

"ताप येतो?"

"सांजच्याला येतो जरासा. म्हातारपन."

संपदानं चहा खाली ठेवला. चिंधीखालून मनगटाकडे लाल रेघ गेली होती. तिनं खाजा मियांकडे पाहिलं. ते नूरीला दाव्याला बांधत होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग तिनं सांगितलं. रोगाचं नाव, तो कसा पसरतो ते, रक्ताचे नमुने, आणि रक्तात रोग सापडला तर पुढे काय होतं तेही. काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही. बोलता बोलता दारादारांतून माणसं जमली. मुजाहिद पुढे आला. तिशीचा, उंच, संपदाची जीप आजवर सर्वांत जास्त वेळा त्यानंच ढकलली होती.

"म्हंजे तुमी घोडं वाचवायला शिकलात का मारायला?" तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. संपदा नाही.

"नमुना न घेता कळणार नाही, मुजाहिदभाई. नसेलही."

"आन असला तर? पुरी गल्ली खड्ड्यात. सरकार भरपाई देईल, घोडी देईल का?" त्याचा आवाज उतरला. "ऐन लगनसराई हाय, ताई. एक महिना गप बसा. मंग घ्या रक्त, किती घ्यायचं ते."

"या महिन्यात किती वराती आहेत?"

मुजाहिद गर्दीत मागे सरकला. "उद्या बघू," कुणीतरी मागून म्हणालं, आणि ते वाक्य सगळ्यांना सोयीचं वाटलं. उद्या सकाळी या, उद्या घेऊ रक्त. संपदानं मान हलवली. खतीजाबींना तेवढं आजच सरकारी दवाखान्यात न्या, असं तिनं दोनदा बजावलं आणि ती निघाली.

जीप स्टेशनच्या रस्त्याला लागली. मग उद्धव, बाहेर पाहत, हळूच म्हणाला, "मॅडम, उद्या एकबी घोडं दिसायचं न्हाई तिथं. मुजाहिदनं मघाच फोन लावलता कुनाला तरी. टेम्पो म्हनत व्हता. पैनगंगा पार केली की वाशीम."

संपदानं जीप रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं असतं तर पुन्हा सुरू झालं नसतं. वाशीमच्या बाजारात ही घोडी उभी राहतील, नव्या दारांत जातील, तिथल्या तोबऱ्यांत तोंड घालतील. आणि इकडे तिनं आज कळवलं, तर नरसीच्या रस्त्यावरच्या त्या शेडसमोर यापुढे कुणी घोडं बांधणार नाही. लोक आजार लपवतील, बाई आली की दार लावतील. खाजा मियांनी टाकलेला विश्वास, त्यांच्यामागून आलेली गल्ली, एवढीच तिची कमाई होती. हे तिला सगळं लख्ख दिसत होतं, आणि तरी डोळ्यांपुढून ती चिंधी हलत नव्हती.

तिनं जिल्ह्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना फोन लावला. नाव, गल्ली, लक्षणं सांगितली. आजारी माणसाचंही सांगितलं. साहेबांनी पत्ता पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "पथक घेऊन निघतो. तोवर एकही जनावर हलता कामा नये. तुम्ही नमुने सुरू करा."

तिनं जीप वळवली.

गल्लीत घोड्यांच्या पाठीवर प्रवासासाठी झुली पडल्या होत्या. अबलख शिंगराचं दावं सोडलेलं होतं. संपदानं जीप गल्लीच्या तोंडाशी नेली, आडवी घातली, पुढचा बंपर एका भिंतीला आणि मागचा दुसऱ्या भिंतीला टेकेल अशी, आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

मुजाहिद धावत आला. सवयीनं त्याचे हात बॉनेटवर गेले.

"बंद पडली का? धक्का मारू?"

"बंद पडली नाही," संपदा म्हणाली. "मी बंद केली."

तिनं किल्ली खिशात टाकली आणि मागून बर्फाची पेटी काढली. मुजाहिदचे हात बॉनेटवरच राहिले. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याच्यामागे जमलेल्यांनाही. कुठेतरी घोडं खोकलं. उद्धव जीप आणि गर्दी यांच्यामध्ये उभा राहिला, हात मागे बांधून, जमिनीकडे पाहत.

संपदा एकटीच आत चालत गेली. तिला कुणी अडवलं नाही, वाटही दिली नाही. दोन माणसांच्या मधून तिला खांदा आडवा करून जावं लागलं.

खाजा मिया दारातच होते. खतीजाबी बुरखा घालून ओट्यावर बसल्या होत्या, दुखरा हात मांडीवर ठेवून. त्यांच्यासाठी रिक्षा सांगितली होती, ती जीपच्या पलीकडे येऊन थांबली होती; जीपमधून पलीकडे उतरलं की तिच्यात बसता येणार होतं.

"तिला तोबरा धुवायला मीच सांगायचो," खाजा मिया म्हणाले. "रोज."

त्यांनी खुंटीवरचा तोबरा काठीनं उचलला, पाणी तापवायच्या चुलीपाशी नेला आणि आत सारला. गोंडे आधी पेटले. मग ते माघारी आले, नूरीचं दावं सोडलं आणि तिला दाराबाहेर, उजेडात उभं केलं.

"चाचा, आधी हातमोजे घाला."

त्यांनी घातले. त्यांच्या जाड बोटांना ते नीट बसेनात, तेव्हा संपदानं एकेक बोट ओढून बसवलं.

"मुजाहिद," त्यांनी वळून न पाहता हाक मारली, "झुली उतरव सगळ्यांच्या. गरम होईल त्यांना." आणि संपदाला म्हणाले, "पैली माझी घे."

त्यांनी नूरीच्या डोळ्यावर तळवा धरला. संपदानं मानेवरचे केस ओले करून बाजूला सारले, अंगठ्यानं शीर दाबली आणि ती वर आल्यावर सुई घातली. घोडी हलली नाही. नळीत काळसर रक्त चढू लागलं.

गल्लीच्या तोंडाशी मुजाहिदनं बॉनेटवरचे हात काढले आणि अबलख शिंगराची झूल उतरवायला घेतली.