धनगरवाड्यावरची गिरण

"घरोघरी टीव्ही पायजे बगा. कुस्त्या बघायला पोरं पार खालच्या गावात जात्यात," आकाराम म्हणाला, आणि बिरोबाच्या पारावर बसलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या.

विद्याश्री हसली. कुरुंदवाडची ही पोरगी एका संस्थेत इंजिनीअर होती. डोंगरावरच्या या धनगरवाड्यापर्यंत विजेचे खांब कधी पोचलेच नव्हते. वाड्याला परवडेल अशी सौरविजेची आखणी करायला ती आली होती.

"दिवे सगळ्यांकडं लागतील, मामा. त्यावर आणखी एकच मोठं काम निघंल. काय ते तुम्हीच ठरवा. पण एकमतानं."

बायका पाराखाली उन्हात उभ्या होत्या. त्यांतच आकारामची बायको धोंडुबाई होती. लग्न होऊन आली तेव्हापासून नाचणीचं दळण डोक्यावर घेऊन ती घाट उतरत होती आणि पीठ घेऊन चढत होती. बैठकीत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"गिरण," ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. तेव्हा ती सरळ पारावर चढली. "गिरण पायजे म्हंतोय मी!"

पुरुष फिदीफिदी हसले.

"अगं, खाली हाय की गिरण," आकाराम म्हणाला.

"व्हय? मग उद्या तुमी जावा की दळाण घिऊन!"

आता बायका हसल्या. शेजारची नवी सून मोना तर तोंडाला पदर लावून खाली बसली. आकाराम इरेला पेटला. "जातो की! त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दळण घेऊन घाट उतरला. उन्हं कलल्यावर परतला तो घामानं निथळत, मान धरून. पोत्यातली नाचणी तशीच होती. खाली लाईट गेली होती.

धोंडुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घटाघटा प्याला आणि तडक मोनाच्या घरी गेला. विद्याश्री तिथंच मुक्कामाला होती.

"बाई," तो म्हणाला, "गिरणच लिवा. टीव्ही देवळात एक बास झाला."

भर उन्हात गिरण, अंधार पडला की दिवे, अशी आखणी ठरली. दिवाळीनंतर सौरविजेचे पत्रे बसले, तारा ओढल्या. धोंडुबाई गिरण चालवायला शिकली. पहिल्या दिवशी पट्टा फिरला तसा बायकांनी एकच गलका केला. गरम पीठ ओंजळीत घेऊन त्या एकमेकींच्या गालांना फासत सुटल्या. दुपारीच सगळ्यांची दळणं उरकली. पुढ्यात संध्याकाळपर्यंतचा वेळ मोकळा! काय करावं कुणाला सुचेना. मग अंगणात फुगड्या रंगल्या.

दमलेली धोंडुबाई घरी आली, उंबऱ्याला टेकली आणि तिथंच तिचा डोळा लागला.

जाग आली ती थपथप आवाजानं. आत आकाराम चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. काठ फाटत होते, तो पुन्हा सांधत होता.

धोंडुबाई हसली, आणि डोळे मिटून तशीच पडून राहिली.