चुलीवर टांगलेली गिटार

मित्रांनो, मी एक गिटार. अगदी म्हातारी नव्हे, पण जुनी खरी. अंगावर ओरखडे आहेत, लाकडाला अजून धुराचा वास येतो आणि पोटावर एका जागी चिकटवल्याची ठळक खूण आहे. मला तिची लाज वाटत नाही. ती कशी पडली हे सांगायला तर मला फार आवडतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा शेकडो बहिणींना एकाच दिवशी रंग दिला, तारा चढवल्या आणि खोक्यांत भरलं. जुन्नरच्या बाजारात मी क्रिकेटच्या बॅटींशेजारी टांगलेली होते. पिंपरी पेंढारच्या ऋतिकने मला पसंत केलं तेव्हा मी हरखून गेले. त्याने मला द्राक्षबागेत नेलं, गळ्यात अडकवलं आणि माझ्याबरोबर चाळीस फोटो काढले. ज्याने पाहिले तो म्हणाला, वा, काय शोभते! वाजवण्याचं मात्र नाव नाही. पुढे मी कपाटावर गेले ती दोन वर्षं तिथेच पडून राहिले. माझ्या पोटात एका पालीने संसार थाटला होता.

मग एके दिवशी ऋतिकबरोबर कॉलेजात शिकलेली नूतन त्याच्या घरी आली. वय तेवीस, तळेघरच्या बाजूला तिच्याच वाडीवरच्या शाळेत नुकतीच बाई म्हणून लागलेली. तिने मला खाली काढलं, ओढणीने पुसलं आणि एक तार छेडली. आवाज इतका भयंकर निघाला की पाल पळून गेली. नूतन मात्र हसली.

"मला शिकायचंय ही," ती म्हणाली.

"ने की, राव," ऋतिक म्हणाला. "पंधरा ऑगस्टला तुझ्या शाळेत एक गाणं वाजवून दाखव. जमलं तर गिटार तुझी. नाय जमलं तर परत माझ्या कपाटावर."

कपाटाचं नाव काढताच माझ्या सहाही तारा ताठ झाल्या. पोरी, शीक गं बाई, असं मी मनात म्हटलं.

वाडीत मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त शाळेमागच्या कातळावर. शाळा सुटली की नूतन मला घेऊन तिथे बसायची. फोनमधले गुरुजी "आता हे बोट इथे..." म्हणायचे आणि तोंड उघडं ठेवून थिजायचे. पुढचं बोट कुठे, हे त्या दिवशी कळायचंच नाही. तीन-चार तारा एकदम दाबून एक मेळाचा सूर काढतात, त्याला कॉर्ड म्हणतात. नूतनला तीन कॉर्ड यायला तीन महिने लागले. घरी सराव सुरू झाला की तिचे वडील भिमाजी ओसरीवरून विचारायचे, "नूतन, मांजर कोंडलंय का गं कुठं?"

तिची बोटं लाल व्हायची. चटणी-भाकरी खाताना ती हात झटकायची. पण उन्हाळा संपेपर्यंत बोटांच्या टोकांना छान घट्टे पडले आणि तारा टोचेनाशा झाल्या. ते घट्टे ती शाळेतल्या पोरांना बक्षीस मिळाल्यासारखे दाखवायची. मलाही तिचा लई अभिमान वाटायचा.

पुढे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आली. नूतन सुट्टी टाकून आईवडिलांबरोबर चिखलात उतरली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात पाण्यात. आठ दिवसांत बोटं भिजून पांढरी पडली आणि ते घट्टे सालपटासारखे निघून गेले. मी इकडे कोपऱ्यात उभी होते. भिंतीला ओल आली होती. माझ्या पाठीवर हिरवी बुरशी चढू लागली.

ती पाहिली लंकाबाईंनी, म्हणजे नूतनच्या आईने. त्यांच्या घरात जपायची प्रत्येक वस्तू एकाच ठिकाणी जाते. नाचणीचं बियाणं, हिरडा, नवी सुपं, सगळं चुलीवरच्या बांबूच्या माळ्याला टांगायचं. धुराने ना ओल लागते ना कीड. लंकाबाईंनी मला पदराने पुसलं आणि बियाण्याच्या गाठोड्याशेजारी टांगलं. मला तर वाटलं, आपला मान वाढला! ऊबही छान लागत होती. पण ऊब हळूहळू आत शिरली आणि एका रविवारी नूतनने मला खाली घेतलं, तेव्हा तारा जिला बांधतात ती पट्टी पोटावरून उखडून तिच्या हातात आली.

पंधरा ऑगस्टला अकरा दिवस उरले होते.

नूतन ती पट्टी जागेवर बसवून पाहू लागली. लंकाबाईंच्याच डोळ्यांत पाणी आलं. "माजं बियाणं टिकतं गं त्या जागी," त्या म्हणाल्या. "तुजं हे का न्हाई टिकलं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि एकट्या जुन्नरला निघाल्या. एसटीत मी त्यांच्या मांडीवर होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कुठं कार्यक्रम हाय?"

"कार्यक्रम न्हाई, भाऊ. पेशंट हाय," त्या म्हणाल्या.

जुन्नरचे सलीमभाई पलंग-कपाटं बनवतात आणि भजनी मंडळांच्या पेट्याही दुरुस्त करतात. त्यांनी माझा वास घेतला आणि मोठ्याने हसले. "मावशी, हिला चुलीवर ठेवली व्हती का? धुरानं कीड मरते, पण गरमीनं हिचा डिंक सुटतो. आता जिथं तुमी झोपता, त्या खोलीत ठेवत जा." त्यांनी पट्टी चिकटवली, लोखंडी शिकंज्यात आवळली आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. लंकाबाई पाचव्या दिवशी पुन्हा एवढ्या लांब मला न्यायला आल्या.

नूतनची बोटं आता पहिल्या दिवसासारखी मऊ होती. पुन्हा तेच दुखणं. ती दात आवळून वाजवत राहिली.

पंधरा ऑगस्टला ऋतिक मोटरसायकलवर आला, मला मागे बांधायला दोरी घेऊनच. ती दोरी पाहून मला घाम फुटला. झेंडावंदन झालं. पोरांनी स्वतः जुळवलेलं ओढ्याचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात नूतनचं बोट घसरलं आणि ती थांबली. माझ्या जिवाचं पाणी झालं. पण पोरं थांबली नाहीत. ती गातच राहिली, आणि पुढच्या ओळीला नूतनने त्यांना गाठलं. शेवटपर्यंत सोडलं नाही.

ऋतिक दोरी खिशात कोंबत म्हणाला, "तुझीच झाली, राव."

मग पोरांनी मला घेरलं. प्रत्येकाला एकदा तार छेडायची होती. पाच झाले, दहा झाले, आणि छोट्या शौर्यने इतक्या जोरात ओढली की ताडकन तार तुटली. शौर्यचा ओठ थरथरायला लागला. पोरं कार्यक्रमाला आलेल्या लंकाबाईंकडे पाहू लागली, कारण मला एवढ्या जिवापाड जपणाऱ्या त्याच होत्या.

लंकाबाई पुढे आल्या आणि तुटलेली तार बाजूला सारली. "रडू नको, बाळा. वाजवल्यावर तुटायचंच," त्या म्हणाल्या. "अजून पाच हायेत. आता पुढच्याला दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटावर पडून असेल. त्याला ओलीपासून जपा, आगीपासून जपा, पण तुमच्या हातांपासून जपू नका. आज मला पाच तारा आहेत, आणि रांगेत अजून बारा पोरं उभी आहेत.